मामांच्या चार वाट्या

मामा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची काचसुद्धा दोनदा बदलून झाली. आज नातवाने माळा साफ करताना त्या चार पितळी वाट्या खाली काढल्या आणि भंगारात देऊ का म्हणून विचारलं. मी त्याच्यावर उगाचच खेकसले. तो गेला बिचारा तोंड पाडून, आणि मी लिहायला बसले.

कासारवाडीच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत तुमची सून होऊन आले तेव्हा स्वयंपाकघर तरी आपलं असेल असं मला वाटलं होतं. साल बहात्तर-त्र्याहत्तर असेल. कंपनीत पहिली शिफ्ट करून तुम्ही दुपारी घरी यायचात, हातपाय धुवायचात आणि खिडकीखालच्या फळीवर बसवलेल्या हातपंपापुढे मांडी ठोकायचात. डिझेल इंजिन बसवून घेतलेले टॅक्सीवाले नोझल घेऊन तुमच्याकडेच यायचे. इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा तो बोटाएवढा भाग, आणि त्याच्या पोटात एक सुई. तुम्ही ते खोलायचात, रॉकेलमध्ये भिजवायचात, पितळी ब्रशने काजळी काढायचात आणि पंपाला लावून दांडा दाबायचात. कुर्र आवाज होऊन काचेच्या बरणीत बारीक फवारा उडाला की नोझल पास. टोकाला थेंब लोंबला की नापास. हे चालू असेपर्यंत स्टोव्ह पेटवायचा नाही, हा तुमचा हुकूम. भाजी चिरून मी आपली बसलेली, मनातल्या मनात चरफडत. एकदा गंमत म्हणून फवाऱ्यापुढे तळहात नेला तर तुम्ही माझं मनगट धरून मागे ओढलंत. "कातडीत घुसतंय त्ये, पोरी! हात कापाय लागतो मग." ओरडलात मला, आणि घटाघटा पाणी प्यायलात तुम्हीच.

त्याच दिवशी तुम्ही मला सुईची परीक्षा शिकवलीत. सुई स्वच्छ डिझेलमध्ये बुडवायची, तिच्या घरात, म्हणजे ती जिच्यात सरकते त्या नळीत, घालून थोडी वर ओढायची आणि सोडून द्यायची. ती स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरली पाहिजे. "दिसाय समद्या सारख्याच. पर हिची तिला चालत न्हाई," तुम्ही म्हणालात. म्हणून तर चार नोझलना चार वाट्या, प्रत्येक सुई आपल्या घराशेजारी. पुढे तुम्ही मला तपासायलाही द्यायचात. माहेरी मला कुणी पाना हातात धरू दिला नव्हता. मला फार आवडायचं ते, पण तोंडाने कधी म्हटलं नाही.

आणि मग तो दिवस. माझी आई पहिल्यांदाच माझं घर बघायला येणार होती. खिडकीखाली काळ्या रॉकेलच्या चार वाट्या बघून तिला काय वाटेल, एवढंच माझ्या डोक्यात. तुम्ही कंपनीत. मी चारही वाट्या एका परातीत ओतल्या, घासून लख्ख केल्या. डावीकडून पहिली, दुसरी, असा क्रम लक्षात ठेवला होता हो! तेवढ्यात दाराची कडी वाजली, आई आली, आणि क्रम गेला. मग मी जेवणाची पानं मांडावीत तशी एकेका वाटीत एकेक घर आणि एकेक सुई ठेवून दिली आणि वर रॉकेल ओतलं.

तुम्ही आलात आणि बसलात. एक सुई आत जाईना, दुसरी सोडताच धपकन खाली. दोन नोझल पंपाला लावलेत, तर दोन्हींच्या टोकाला थेंब. टॅक्सीवाला दारात ताटकळत होता. दुसऱ्या दिवशी त्याला लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. तुम्ही मान वर करून विचारलंत, "सूनबाई, वाट्यांना कुनी हात लावला व्हता का?" आई शेजारी चहा पीत बसलेली. मी म्हणाले, "नाही, मामा."

दिवेलागणीपर्यंत तुम्ही एकेक सुई एकेका घरात घालून जोड्या जुळवल्यात. चारही नोझल पास झाले, टॅक्सीवाल्याचं काम झालं. पण त्याला तुम्ही म्हणालात, "भाऊ, चूक माझी हाय. जोड्या म्याच चुकवल्या. नजर न्हाई ऱ्हायली आता." "जाऊ द्या हो मामा, होतं असं," तो म्हणाला, पण तुम्ही काही ते जाऊ दिलं नाहीत. पुढच्याच रविवारी हातपंप सोडवून कंपनीतल्या एका मित्राला देऊन टाकलात. वाट्या धुऊन माझ्यापुढे ठेवल्यात. "घे, आता तुझ्या." त्यानंतर दुपारी तुम्ही ओसरीत नुसते बसून असायचात, हात मांडीवर ठेवून. कुणी नोझल घेऊन आलंच तर दुसरीकडे पाठवायचात. तुमची नजर शाबूत होती, मामा. नंतर कितीतरी वर्षं तुम्ही माझ्या शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवून देत होतात, तोही चष्म्याशिवाय, आणि मी ओवून घेत होते.

नव्या सुनेची भीती, असं मी आजवर स्वतःला समजावत आले. पहिल्या दिवशी ती होतीही. पण पुढची वर्षं? तुमच्यासमोर बसून हे कबूल केलं नाही ते आता कागदावर करते. पंप निघाला त्या दिवशी मी दुपारी तीन वाजता स्टोव्ह पेटवला, निवांत भाकरी थापली, आणि मला बरं वाटलं.