चैतालीची खोली

माजलगाव
६ ऑक्टोबर २०२४

चि. बाळूस अक्काचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू नुसतं हो-हो म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. माय गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला सगळ्या पाहुण्यांसमोर तू म्हणालास की चैताली आता अक्काची. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

जिन्याजवळच्या खोलीत जुन्या गाद्या पडून असायच्या, ती रिकामी केली. तुझ्या दाजींनी भिंती स्वतः घासल्या, पुट्टी भरली. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून घरभर हिंडत होता. रंग पिस्ता दिला. पलंग सुताराकडून करून घेतला, त्याला खेळण्यांसाठी खाली कप्पे. पडद्यावर हत्ती हवेत की फुलपाखरं यावरून आम्ही भांडलो, शेवटी हत्ती जिंकले. टेबलावर बाबासाहेबांचा वाचत बसलेला फोटो लावलाय.

लहानपणी कोळशानं भिंती तू रंगवायचास आणि मार मी खायची. तुझ्या लेकीसाठी मात्र एक भिंत रेघोट्या मारायला मोकळी सोडलीय. मोहिनीनं एवढ्या मोठ्या मनानं होकार दिला, तिला काय म्हणावं मला सुचत नाही. दिवाळीच्या सुट्टीत चैतालीला पाठव. जूनपासून इथलीच शाळा.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी अक्का, आम्रपाली


तेलगाव
१५ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास बाळूचा जयभीम.

पत्र पोचलं. आमी समदे बरे हाओत. जिनिंग सुरू झाली, कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत लागतात, मान वर करायला फुरसत न्हाई. दाजींना म्हणावं, आमच्या भिंतीबी तशाच पडल्यात, टॉवेल घेऊन या.

चैतालीला सुट्टीत आणून सोडतो. पण जूनचं तू आत्ताच कावून काढती? मोहिनी हो म्हणाली हाय, पण आईचं मन हाय, सारखं विचारलं तर हलतं. तू तिला फोन करू नको. दिवसभर कापूस वेचून थकून येती. तिच्याशी काय बोलायचं ते मी बोलतो.

लहान भावाला सांभाळून घे.
बाळू


माजलगाव
१८ नोव्हेंबर २०२४

चि. बाळूस सप्रेम जयभीम.

चैतालीला तू नेलंस आणि घर ओकंबोकं झालं. आधी ती पलंगावर बसायलाही भीत होती, चादर मळेल म्हणायची. नंतर तर खोलीत शिरताना आम्हालाच दार वाजवायला लावायची. तुझे दाजी बाहेर उभे राहून परवानगी मागायचे.

दारावर मी तुझ्या दाजींचं नाव लावून रंगानं लिहिलं, चैताली सौरभ वाघमारे. तिनं बोट फिरवत वाचलं आणि विचारलं की पप्पांचं नाव कुठं गेलं. मी म्हटलं, इथं आता हेच नाव. मग शेजारच्या मुलींना बोलावून दाखवत सुटली. निघताना दाराला धरून बसली होती, ते तू पाहिलंसच.

दत्तकाचं वकिलांना विचारलंय. मोहिनीची सही लागेल. तिला घेऊन ये, साडी आणून ठेवलीय.

वाट पाहते.
तुझी अक्का


तेलगाव
२७ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कांना मोहिनीचा जयभीम.

फोन ह्यांच्या खिशात असतो, आणि बोलायला गेले की मला रडू फुटतं, म्हणून लिहिते.

चैतालीनं आल्या आल्या सांगितलं की माझं आडनाव बदललं. मी हसले, पोरींचा खेळ वाटला. मग ह्यांनी मान खाली घातली तवा कळलं. मायच्या कार्यक्रमाला तुमी समदे मंडपात होता. मी मागं पुऱ्या तळत होते. पोरगी तिथं देऊन झाली आणि मला कुणी हाक मारली न्हाई. हे म्हणतात, अक्का रडत होती, तोंडातून निघून गेलं, पाहुण्यांनी पाठ थोपटली, मग माघार घेता आली न्हाई.

मी कवाच हो म्हणले नव्हते. तुमी मला एकदा तरी विचारायचं. तुमचं शेवटचं बाळ गेलं तवा चैताली माझ्या पोटात होती, तरी दवाखान्यात तुमच्या उशाला मीच बसले होते. तुमचं दुःख मला ठाऊक हाय. पण माझी लेक हे त्याचं औषध न्हाई.

आता ती गोधडीवर निजत न्हाई. आमचं एका खोलीचं घर, त्यातच चूल, त्यातच हंडे. म्हणती, आत्याकडं माझ्या खोलीला दार हाय. मी जुन्या साडीचा पडदा लावून तिला कोपरा करून दिला. तो तिनं ओढून काढला. तवा मी तिला मारलं. आजवर कवा हात लावला नव्हता.

सही मी करणार न्हाई.

मोहिनी


माजलगाव
५ डिसेंबर २०२४

प्रिय मोहिनीस जयभीम.

तुझं पत्र वाचून बाळूला फोन केला. झालं ते झालं, आता वाढवू नको म्हणाला, आणि गाड्या आल्यात सांगून फोन ठेवला. तू हो म्हणालीस हे मला त्यानंच सांगितलं, मग लिहूनही कळवलं होतं. ते पत्र माझ्याकडे आहे, पण तुला दाखवून काय मिळणार.

तू तिला मारलंस हे मात्र वाचवेना. तुझ्याकडे लेकरू आहे आणि तुझा हात उठतो. माझ्याकडे नुसत्या रंगवलेल्या भिंती आहेत.

दारावरचं नाव ह्यांनी खरवडून काढलं. पलंग आणि पडदे टेंपोनं पाठवते. ते तिच्यासाठी केलं होतं, तिच्याकडेच असू दे. मला इथं बघवत नाही. यापुढे मला अक्का म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

आम्रपाली


तेलगाव
१६ डिसेंबर २०२४

आम्रपालीताईंना जयभीम.

सामान पोचलं. परत न्या म्हणणार होते, पण चैताली उंबऱ्यात उभी होती. दारातून पलंग जाईना, म्हणून पाय काढून आत घेतला. अर्धं घर त्यानंच भरलं. हे आता बाहेर ओट्यावर निजतात. थंडी लई हाय, पण आत या असं मी म्हणत न्हाई.

चैतालीनं विचारलं, पलंग आला, मग खोली कवा येणार. मी म्हणले, खोली आत्याच्या घरात हाय आणि ते घर आत्याचं हाय. तर म्हणाली, मग माझी हाय असं मला कावून सांगितलं. ह्यांना विचारायला गेली तर हे चप्पल घालून निघून गेले.

ह्याचं उत्तर तुमाला येत असलं तर तिला लिहा. पत्र तिच्याच नावानं टाका, मी उघडणार न्हाई. तिला अजून जोडाक्षरं वाचता येत न्हाईत, तेवढं सांभाळून लिहा.

चैतालीची आई,
मोहिनी