विचारून चाललेली वाट

हॉर्नबेक,
रविवार, १ फेब्रुवारी २००४

प्रिय हिल्डा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच शेगडीत टाकलं नाहीस, असं धरून चालते. गुडघे कसे आहेत? व्हिटबीचा समुद्रवारा त्यांना मानवत नसणार. लेकीच्या घरी बरं चाललंय ना? तुला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नुसतं बसून राहायला जमत असेल, यावर माझा काही विश्वास नाही.

इकडे सगळं ठीक. म्हणजे थंडी आहे, चिखल आहे आणि माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. आज सकाळपासून तीनदा चर्चमागच्या फाटकापर्यंत जाऊन आले. फाटकाला कुलूप आहे हे मला माहीत आहे. तरी जाते, कुलूप हलवून बघते आणि परत येते. शेजारची डॉरीन म्हणाली, "एनिड, त्या कुलपाला एक दिवस सुटू दे गं, दमलं असेल ते." मी हसले, आणि घरी येऊन परत बूट चढवले.

खाली लाइनवर मात्र जत्रा असते. रेल्वेचे रूळ उखडून इतकी वर्षं झाली तरी मी अजून लाइनच म्हणते. सायकलवाले, कुत्रेवाले, बाळांच्या गाड्या ढकलणारे, सगळे तिथंच. आमचा लेनर्ड स्टेशनात ज्या खिडकीतून तिकिटं द्यायचा तिथं आता एक मुलगी चहा आणि गाजराचा केक विकते. केक बरा असतो, चहा म्हणजे गरम पाणी.

पण तिथवर जायचं कसं, हाच प्रश्न आहे. तुझ्या लेकाकडून, क्लाइव्हकडून शेत घेतलेल्या लॅव्हरींनी चर्चमागचं फाटक बंद केलं आणि 'खाजगी' अशी पाटी लावली. कुरणातली खालची वाट गेली, तेव्हा आता मोठ्या रस्त्यानं वळसा घालायचा. खाणीचे ट्रक अंगाला घासून जातात. शाळेची पोरं त्याच रस्त्यानं जातात, आणि ती घरी परत येईपर्यंत त्यांच्या आया दारात उभ्या असतात.

म्हणून येत्या गुरुवारी सभागृहात सुनावणी आहे. सरकारचा माणूस येणार आणि वाट लोकांची की लॅव्हरींची ते ठरवणार. आमच्या चालणाऱ्या मंडळींचे पुढारी पिकप मास्तर. ते आले तू जायच्या सुमारास, त्यामुळे तुला नीटसे आठवणार नाहीत. भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. चालायला निघालो की मेंढरं मोजावीत तसे आम्हाला मोजतात. परवा चहाच्या खिडकीपाशी त्यांनी मला धरलं.

"एनिड, तू आमचा हुकमाचा एक्का. बाकीचे सगळे नव्या घरांतले, काल-परवा आलेले. वीस वर्षांमागचं सांगणारी तू एकटीच उरलीस. उभी राहा आणि सांग, रोज चालत होतो, लपूनछपून नाही, कुणाला विचारून नाही. एवढं पुरे. वीस वर्षं लोक असे चालले की वाट लोकांची होते."

"आणि विचारलं असतं तर?"

"तर ती मालकाची मेहरबानी. मेहरबानी कधीही बंद होते. कायदा मोठा गमतीचा आहे बघ. उद्धटाला वाट मिळते आणि सभ्याला कुलूप."

स्वतःच्या विनोदावर ते पोटभर हसले. माझा चहा हातमोज्यावर सांडला. पाणीच ते, डाग पडला नाही.

या वर्षी कडू संत्री उशिरा आली बाजारात. तरी मुरंबा केला. नेहमीच्या अंदाजानं केला, त्यामुळे एक बरणी उरली आहे. ती फडताळात पुढंच उभी आहे आणि फडताळ उघडलं की माझ्याकडे बघते.

हिल्डा, मी ताकाला जाऊन भांडं लपवतेय. तुला ते केव्हाच कळलं असेल.

दर वर्षी मुरंबा झाला की लेनर्ड आणि मी तुमच्या दारात यायचो. लेनर्ड टोपी काढायचा आणि तुझ्या अमोसला म्हणायचा, "या वर्षीही खालच्या वाटेनं गेलो तर चालेल ना?" आयुष्यभर त्यानं विनातिकीट कुणाला फलाटावर पाऊल ठेवू दिलं नाही, तो दुसऱ्याच्या कुरणात न विचारता कसा जाणार? तो गेल्यावरही मी येत राहिले. बरणी घेऊन मीच विचारायचे, त्याच्याच शब्दांत. टोपी तेवढी नव्हती.

आता गुरुवारी उभं राहून म्हणायचं, कधीच विचारलं नाही. लोकांसाठी म्हणायचं, पोरांसाठी म्हणायचं. पण तसं म्हटलं की लेनर्ड त्या दारात कधी टोपी काढून उभाच नव्हता, असं होतं. माझ्याकडे त्याचं आता फारसं काही उरलेलं नाही. फोटो आहेत, पण फोटोत तो नेहमी कसनुसा हसतो. त्या दारातला लेनर्ड खरा.

पोस्टातली सिल्व्हिया म्हणाली की लॅव्हरींचा वकील व्हिटबीला तुझ्याकडे येऊन गेला. तेव्हापासून झोप नाही. तू त्याला काय सांगितलंस? मुरंब्याचं सांगितलंस का? दारात उभी असलेली चौघंच होतो आपण, त्यातल्या आता आपण दोघी उरलो. मी गप्प बसले आणि तूही गप्प बसलीस, तर वाट वाचते.

हे पत्र मी तेवढ्यासाठीच लिहायला बसले होते. तुला विसरायला सांगायला. दोन वर्षं एका शब्दानं विचारपूस केली नाही, आणि आता काम पडलं म्हणून गोड अक्षर काढून बसले. आणि ते दोन वर्षांचं मौन तरी कशामुळं? पावाच्या दुकानात माझी जीभ सुटली म्हणून. "अमोसच्या थडग्यावरची माती अजून ओली आहे आणि पोरानं जमीन विकलीसुद्धा," असं मी म्हटलं, आणि तू मागेच उभी होतीस. तू पाव न घेताच गेलीस. निरोप न घेता गावही सोडलंस. तुझी मला फार आठवण येते, हिल्डा. लाइनवरून चालताना बोलायला तोंड उघडते आणि शेजारी पिकप मास्तर असतात.

मध्येच उठून परत फाटकाशी जाऊन आले. कुलूप आहे. आता स्पष्टच लिहिते. तुला काही विसरायला सांगत नाही. वकील परत आला तर जे झालं ते सांग. मी गुरुवारी सांगणार आहे की आम्ही विचारत होतो. वाट जाईल. गाव माझ्याशी बोलायचं बंद होईल, डॉरीनसुद्धा. मी ट्रकांच्या कडेनं चालेन.

तुझ्या दारातून आजवर कधी रिकामी न गेलेली,
एनिड


व्हिटबी,
मंगळवार, ३ फेब्रुवारी

एनिड,

शेगडीत टाकणार होते. पण इथं गॅस आहे.

लॅव्हरींचा वकील येऊन गेला, खरं आहे. बारीक माणूस, फळांच्या केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले. म्हणाला, "तुमच्या यजमानांनी त्या जोडप्याला वाटेची परवानगी दिली होती ना?" मी म्हटलं, "मुरंबा येत होता. विचारणंही होत होतं. परवानगी दिली असेल तर ती मी ऐकलेली नाही, आणि मी तिथंच उभी असायचे."

तू तरी कधी ऐकलीस का? नीट आठव. लेनर्ड टोपी काढायचा, विचारायचा. अमोस बरणी घ्यायचा, आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "वारं सुटलंय." मग आत निघून जायचा. तुम्ही दोघं खुशीत वाटेला लागायचात. त्या माणसाच्या तोंडून 'हो' मी जन्मात एकदाच ऐकलं, तेही लग्नात. पाद्र्याला दोनदा विचारावं लागलं आणि मी बूट अमोसच्या पायावर ठेवला, तेव्हा कुठं निघालं.

एका वर्षी तुम्ही गेल्यावर तो बरणी धरून बराच वेळ दारात उभा राहिला. मग मला म्हणाला, "ही दोघं दर वर्षी इचारत्यात कशापायी? माझा बाप शेती करायच्या आधीपासनं लोकं तिथनं जात्यात. वाट काय माझी हाय व्हय?" मी म्हटलं, सांग की त्यांना तसं. तर म्हणाला, "मग मुरंबा बंद हुईल."

त्याला कडू मुरंबा आवडायचा नाही. तरी वर्षभर पुरवून खायचा.

हे सगळं वकिलाला सांगितलं. त्यानं केकचा तिसरा तुकडा घेतला नाही. आता सरकारच्या माणसालाही सांगायचंय, म्हणून गुरुवारी लेक मला गाडीनं घेऊन येते आहे. वाटेचं काय ठरेल ते ठरेल. तू तुझ्या लेनर्डला टोपी काढू दे, मी माझ्या अमोसला गप्प बसू देते. दोघांनाही खोटं बोलावं लागत नाही.

पावाच्या दुकानात तू बोललीस ते खरं होतं. खोटं असतं तर मी तिथंच तुझ्याशी भांडले असते आणि पाव घेऊन घरी गेले असते. क्लाइव्हला मी अजून तसं म्हणू शकलेले नाही.

सुनावणी संपली की फाटकापर्यंत जाऊ. गुडघे साथ देत नाहीत, तुझा हात धरीन. ती उरलेली बरणी घेऊन ये. या वेळी काही विचारू मात्र नकोस.

हिल्डा