कामचोरवाडीचा पत्ता

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. खोकलाही कमी झालाय, उगाच काळजी करत बसू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात?

कंपनीने आमच्या वस्तीचं नाव बदललं. पाकिटावर 'कामचोरवाडी' लिहायची तुला लाज वाटायची ना? आता 'प्रगतीनगर' लिहायचं म्हणे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नळाला पाणी अजून नाहीच.

जुनं नाव कसं पडलं, ते शेजारच्या सुतारकाकांनी काल सांगितलं. खाणीचं छत कोसळून नऊ जण आत अडकले होते. साहेब म्हणाला, दुसऱ्या बोगद्यात काम चालू ठेवा. एकानेही ऐकलं नाही. पाच दिवस सगळे नुसत्या हातांनी दगड उपसत होते. कोळसा निघाला नाही, म्हणून साहेबाने सगळ्या वस्तीला कामचोर ठरवलं. नवांतले जिवंत निघाले ते एकटे सुतारकाका.

दगड उपसणाऱ्यांत आपले आबा होते. आणि जाईपर्यंत आपल्याला सांगत राहिले, बोटं दारात चेंगरली म्हणून!

आई, पाकिटावर जुनंच नाव लिही. मोठ्या अक्षरांत.

तुझा
धाकटा