कादंबरीतली कंबर

१९ जुलै
मावशीने माझी कादंबरी वाचायला घेतली! एकटीने नाही. संध्याकाळी गल्लीत खुर्च्या टाकून बसतात ना सगळ्या, तिथे, मोठ्याने! आणि मी सुट्टीला तिच्याच घरी.

नायिका बाल्तासारा: कंबर रुंद, दंड खाटकासारखे, ओठावर लव. माद्रिदचा एक समीक्षक म्हणाला, 'या कंबरेत अख्खा आरागोन प्रांत सामावला आहे.' मी मान डोलावली. आरागोन कसला! कंबर ओब्दुलियामावशीची. तिला विचारलंही नव्हतं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती दुखावली तर या गावात मला दुसरं दार नाही.

२१ जुलै
मसूर वाढताना मावशीचा डाव जरा जोरात आपटला. की मलाच तसं वाटलं?

२३ जुलै
गल्लीत भांडण! मी खिडकीच्या फळीआडून ऐकलं.
"ही कंबर माझी आहे," पाववाली कासिल्दा म्हणाली.
"तुझी? तुझी बाळंतपणानंतर सुटलेली! माझी जन्मजात. लग्नात पाहिली नाहीस?" ही यूफेमिया, समोरची.
"पाहिली की! चर्चच्या दारात अडकली होती."
मिशीवर मात्र कुणी हक्क सांगेना.
मावशी एवढंच म्हणाली, "पुढचं ऐका गं."

२४ जुलै
वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजात साहित्य शिकवणारी बाई चोरून ऐकते. शोभतं का?

२६ जुलै
गावजत्रेत नाचवायचे राजा-राणीचे अवाढव्य पुतळे अडगळीतून काढले. लाकडी सांगाडा, कागदी तोंडं, झग्याच्या आत माणूस. राजा शाबूत, राणी उंदरांनी खाल्ली. सुतार फेर्मिन नवी करतोय. बायकांनी ठरवून टाकलं: राणी बाल्तासाराच! पण माप कुणाचं घ्यायचं? पुन्हा रणकंदन. फेर्मिन टेप गळ्यात तशीच टाकून पळाला.
शेवटी सगळ्या मावशीकडे वळल्या. "ओब्दुलिया, तू सांग."
"पुस्तक संपू दे."
मला जेवण गेलं नाही.

२९ जुलै
पुस्तक संपलं. मावशीने स्वयंपाकघरात बोलावलं. मी दारातूनच सुरुवात केली, "मावशी, चुकलं माझं. ती बाई तू—"
"मी? तुझी बाल्तासारा आरशावर चादर टाकते. फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. नदीत घोट्यापर्यंत उतरते! मी उतरले होते तेव्हा अंगावर चिंधी नव्हती. पाद्रीबुवा पुलावरून पळाले, विचार हवं तर."
"पण कंबर..."
"कंबर माझी घेतलीस. लाज तुझी घातलीस, बये."
वर ऑलिव्हची बशी पुढे सरकवली. खा म्हणाली. रडत खाल्ले.

३० जुलै
राणीच्या मापाला मावशीने मलाच पुढे केलं. भर गल्लीत, सगळ्यांसमोर.
"श्वास सोड, पोरी."
सोडला. फेर्मिनची टेप पुरली नाही! कासिल्दाचं तोंड उतरलं.