दाजींनी माफ केलं, सरकारने नाही

शरणपूर, नाशिक
ता. १२ मार्च १९३४

प्रिय केरू,

लंकाताईचा सलाम. प्रभूच्या कृपेने आम्ही बरे आहोत. तुरुंगात भाकरी ज्वारीची देतात की बाजरीची? काम काय लावलंय? सुतारकी मागून घे, नाहीतर हात विसरतील.

तुझ्या दाजींची जखम भरली. उजवा डोळा गेला तो गेलाच. "फळी सरळ आहे का बघताना एक डोळा मिटावाच लागतो, तेवढा त्रास वाचला," म्हणतात आणि आपणच हसतात. मला नाही हसू येत. दारूवरून बोलले म्हणून त्यांचाच रंधा फेकून मारलास, मेल्या!

मॅजिस्ट्रेटसाहेबांचं बोलणं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दाजी म्हणाले, "साहेब, मी माफ केलंय. आम्ही दोघांनी चर्चमध्ये एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलंय." तर साहेब म्हणाले, "तुम्ही केलंत, सरकारने नाही." अरे, डोळा काय सरकारचा गेला? पण मग वाटतं, उद्या तू दुसऱ्या कुणाला मारलंस तर? त्याच्या वतीने दाजींनी कशी माफी द्यायची? पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि चहा मागवला.

तू कोर्टात आलास तो रविवारचा कोट घालून, बगलेत चर्चचं गायनाचं पुस्तक. वकील नाही, काही नाही. प्रभूच्या मेजाशी मिटलं म्हणजे खटलाही मिटला, असं धरून चाललास. आपल्या सगळ्या वस्तीला तसंच वाटत होतं.

मला नाही. हवालदार प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारीच सांगून गेला होता, की खटला चालणार आणि मला साक्ष द्यावी लागणार. मी तुला बोलले नाही, दाजींनाही नाही. तू वकील केला असतास, नाहीतर पळाला असतास. रविवारी तुझ्यानंतर तोच प्याला माझ्या ओठांना लागला, तेव्हा हे माझ्या पोटात होतं. म्हणून तू रडलास आणि मी रडले नाही. त्याची मला लाज वाटते.

आता शिक्षा कमी करा म्हणून दाजी अर्ज करताहेत. माझीही सही हवी म्हणतात. कागद तीन दिवस पडून आहे. मी सही करणार नाही, केरू. दोन वर्षं पुरी भर. तुझा कोट ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवलाय. सुटशील त्या दिवशी तो घेऊन तुरुंगाच्या दाराशी मीच येईन. माझ्याबरोबर घरी येशील ना?

तुझ्याविरुद्ध साक्ष दिलेली,
तुझीच ताई,
लंका