माझ्या टाचेवरची गोगलगाय

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, तोही पडल्या पडल्या, कारण उठून करायची सोय राहिलेली नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? रोपवाटिकेत यंदा कोबी चांगला धरला असं ऐकलं. इकडे सर्व ठीक आहे, एवढं लिहून थांबता आलं असतं तर काय हवं होतं.

मुद्दा ठसवायचा असला की मी उजवा पाय आपटतो, हे तू लहानपणापासून पाहतेस. (व्यासपीठावर मी अनवाणी चढतो, हेही.) यंदा एका फळीतला खिळा वर आला होता आणि मी नेमका त्याच्यावर विवेकाची बाजू मांडली. तेव्हापासून जखम भरत येते, सभा येते, मी आपटतो, जखम उघडते. त्यात माझी साखर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पाय स्थिर ठेवा, नाहीतर घोट्यापासून काढावा लागेल. मी त्यांना बसून केलेल्या भाषणांच्या निष्फळतेवर बरंच ऐकवलं (आणि ऐकवताना पाय आपटला).

अशात सासूबाई आल्या, झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन. आत गोगलगाय. तिच्या चिकट स्रावाने जखम भरते म्हणे. ताई, भोंदू औषधांविरुद्ध ज्याने जन्मभर घसा फोडला त्याच्याच टाचेवर! मी उशीला टेकून तासभर बोललो. असल्या स्रावावर शास्त्रज्ञ प्रयोग करताहेत हे मी वाचलंय, पण तो शुद्ध करून, मोजून, तपासून. तुमची ही बाई कुठल्या चिखलातून आली कुणास ठाऊक. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझं संपलं तोवर गोगलगाय टाच ओलांडून पलीकडे पोचली होती.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "एवढं बोललात, पण पाय नाही आपटलात."

मग रोज तेच. ती चालू लागली की मी दगड. पुढच्या तपासणीत जखम निम्मी भरलेली. काय केलंत, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर मी म्हणालो, तुमचं ऐकलं. (सासूबाई शेजारीच, डबा मांडीवर.) आता स्रावाने भरली की पाय न हलल्याने, हे मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यावर ठामपणे बोलायची सवय मीच लोकांची मोडत आलो.

काल मंडळाचे लोक शनिवारच्या सभेचं ठरवायला आले. त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून गोगलगाईला मीच पलंगाखाली सोडायला लावलं. कुणीतरी म्हणालं, भोंदूगिरी हा विषय आता जुना झाला. मी उठलो आणि पाय आपटला. ती तेवढ्यात बाहेर आली होती.

जखम पुन्हा उघडी आहे. सासूबाईंनी शंखाचे तुकडे कागदात गोळा केले आणि त्या माझ्याशी बोलत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही शेवटची संधी.

तुझा, अजून तरी दोन पायांवरचा,
भाऊ

ता. क. शनिवारी मी खुर्चीत बसून बोलणार आहे. विषय तोच.

ता. क. कोबीवरच्या गोगलगाईंवर तू मीठ टाकतेस ना? यंदा टाकू नकोस. एक शांत स्वभावाची पाठव, शनिवारच्या आत. औषध म्हणून नाही, ताई. टाचेवर कुणीतरी हवं. कुणी विचारलंच तर सासूबाईंसाठी म्हणून सांग.