पन्नास हजारांचा सत्कार

२६ सप्टें., शुक्र.
टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये माझा सत्कार. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप. व्हीलचेअर स्टेजवर चढवायला चार जण, उतरवायला कोणी नाही. सगळे जेवायला गेलेले. म्हात्रेकाकांच्या मानपाड्याच्या कारखान्यात मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. काकांनीच माइक घेतला. "ही आमची ज्योती. पाय नाय चालत, पन हात बघा! महिन्याला पन्नास हजार कमावते!"
टाळ्या. अहो काका, अख्ख्या सीझनचे तेवढे झाले, तेही या वर्षी मूर्ती वाढल्या म्हणून! पण खोटं कशाला लिहू, ऐकायला बरं वाटलं. वहिनीने व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकला.

९ ऑक्टो., गुरु.
अपंगांची पेन्शन अजून जमा नाही. दादा म्हणतो, होतो उशीर. बघू.

१५ ऑक्टो., बुध.
दादाने सुट्टी टाकली, तहसील कचेरीत गेलो. लिफ्ट बंद. पेन्शनचं काम बघणाऱ्या बाई स्वतः खाली आल्या, तेवढं भलं. मोबाइल पुढे धरला. माझाच व्हिडिओ! कोणीतरी तक्रार केलीय.
"महिन्याला पन्नास म्हणजे वर्षाचे सहा लाख. मर्यादा वर्षाला पन्नास हजारांची, त्यात बसत नाही, ताई."
म्हटलं, बाई, गणपती वर्षातून एकदा येतो. काम ज्येष्ठ ते भाद्रपद. बाराने कशाला गुणता?
"मग बाकीचे महिने काय करता?"
काय करते! पेन्शनवर काढते. रिक्षा, औषधं, फोनचं रिचार्ज. दादापुढे हात पसरायला लागू नये, एवढंच.
निघताना सुनावणीची तारीख दिली आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी काम जरा कमी घ्या, म्हणजे..."


१६ ऑक्टो., गुरु.
सकाळपासून डोकं तापलंय. दादाचा पगार वाढला तेव्हा पेढे वाटले. माझी कमाई वाढली तर चौकशी. नाही कमवलं तर 'बसून खाते', कमवलं तर 'पेन्शन कशाला हवी'. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
मर्यादा असू दे की. पण जरा वर गेलं की सगळीच बंद? जेवढं जास्त मिळालं त्या हिशोबात कापा, मी हूं की चूं करणार नाही. माझे पाय काय भाद्रपदात बरे होतात?

१८ ऑक्टो., शनि.
काका आले, फराळाचा डबा घेऊन. "मना काय म्हाईत गो, असा व्हईल. कौतुकान बोललू." चांगलं सुनवायचं ठरवलेलं, त्यांचा चेहरा बघून जमेना.
मग दादाने कागद तयार केला, काकांनी सही ठोकली. 'सदर महिला वेळ जावा म्हणून कारखान्यात बसते. तिचे काम नाममात्र असून मोबदला दिला जात नाही.'
नाममात्र! सतरा वर्षं त्या कारखान्यातला एक गणपती माझ्या हाताशिवाय बाहेर पडलेला नाही. मी ओरडले. दादा म्हणाला, "अगं, कागदावरच ना? स्वाभिमानाने रिचार्ज होतो का?" वहिनी खाली मान घालून व्हिडिओ डिलीट करत बसलेली. आता काय उपयोग.

२७ ऑक्टो., सोम.
उद्या सुनावणी. मी पण एक कागद लिहिलाय. खरा आकडा, खरे महिने. तोही मर्यादेच्या हजारभर वर जातो. म्हणजे खरं बोलून पेन्शन जाणार, खोटं बोलून राहणार.
मघाशी काकांचा फोन. यंदा पहिल्यांदाच माघी गणपतीच्या मूर्ती करायला घेतल्यात, आखणीला कधी येतेस? म्हटलं, नाममात्र बाईला कशाला बोलावता? मग म्हणाले, "तुज्याशिवाय कोन करनार गो?" फोन ठेवला.
दादा दारात उभा. कुठला कागद पिशवीत टाकू, विचारतोय.
दोन्ही टाक, म्हटलं. बाईंनाच विचारते, यातली कुठली ज्योती सरकारला चालते.